प्रोजेक्टचा ग्रुप, दोस्ती आणि भीड: पहिल्या मीटिंगपासून व्हायवापर्यंत काय काय करायचं

फायनल इयरचा आमचा प्रोजेक्ट रिपोर्ट बाइंडिंगला टाकायची रात्र. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी एकटा बसलेलो, साडेदहा वाजलेले, तो शटर अर्धं ओढून "आटपा दादा" म्हणत होता आणि मी कव्हर पेजचा फोटो ग्रुपवर टाकला. चार नावं. दोन मिनिटांत रिप्लाय आला, तो पण आमच्या चौथ्या मेंबरचा, जो जानेवारीपासून लॅबकडे फिरकला नव्हता. "अरे माझ्या आडनावात डबल ए पाहिजे, मार्कशीटवर तसंच आहे." अख्ख्या वर्षात त्याने प्रोजेक्टमध्ये केलेली ही एकमेव दुरुस्ती. आणि मी काय केलं, तर गुपचूप दुसरा ए टाकला. रूममेट होता हो तो, दोन वर्षं एका डब्यात जेवलेलो, काय बोलणार.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे अगदी फिट बसतं. आता मी टेबलाच्या पलीकडे आहे, शिकवतो, दरवर्षी प्रोजेक्टचे ग्रुप बघतो, आणि ग्रुप फुटायचं कारण मुलं "तो आळशी आहे सर" असं सांगतात पण खोदून विचारलं की दर वेळी निघतं तेच, पहिल्या आठवड्यात जे बोलायला पाहिजे होतं ते मैत्रीमुळे किंवा ओळख नसल्यामुळे कोणी बोललंच नाही. आणि आता ग्रुप वर्क काय फक्त इंजिनिअरिंगपुरतं राहिलेलं नाही. डिप्लोमाला मायक्रो प्रोजेक्ट आहेत, पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नला तर एफईलाच (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षालाच) पीबीएल, म्हणजे प्रोजेक्ट करत शिकायचा विषय, आला, नवीन शैक्षणिक धोरणामुळे बीए बीकॉमवाल्यांना पण फील्ड प्रोजेक्ट आलेत. तेव्हा खाली जे लिहितोय ते कुठल्याही ब्रँचला चालेल, उदाहरणं मात्र माझ्या ओळखीचीच येणार.

पायरी १: ग्रुप करताना

दोनच पद्धती असतात. एक म्हणजे सर वर्गात येऊन सांगतात, "तुमचे तुम्ही ग्रुप करा, शुक्रवारपर्यंत नावं द्या." दुसरी, रोल नंबरप्रमाणे चार चार जण, जे नशिबात येतील ते.

पहिल्या पद्धतीत काय होतं तुम्हाला माहितीय. सरांचं वाक्य संपायच्या आत मागच्या बाकावर डोळ्यांनीच ग्रुप झालेले असतात. रूममेट, मेसवाले, गाववाले, सकाळच्या लोकलला एकाच डब्यात चढणारे. मग उरतात ते डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेले, वायडी (इयर डाऊन, वर्ष वाया जाणं) होऊन मागच्या बॅचमधून आलेले, आणि ती एक मुलगी जी कोणाशी फारशी बोलत नाही. ह्यांचा मिळून एक "उरलेल्यांचा ग्रुप" होतो आणि सगळ्यांना त्यांची दया येते. माझा अनुभव सांगू का, हा ग्रुप बऱ्याचदा मस्त काम करतो. डिप्लोमावाल्यांचा हात सोल्डरिंगवर बसलेला असतो, वायडीवाल्याला कुठले एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात ते ठाऊक असतं, आणि मुख्य म्हणजे एकमेकांची भीड नसते, "तुझं झालं का रे" हे सरळ विचारता येतं.

म्हणून मित्रांसोबत करूच नका असं मी म्हणत नाही. मित्र असले की रात्री फोन करता येतो, चूक लपवावी लागत नाही, "मला हे येत नाही" म्हणायला लाज वाटत नाही, हे फायदे खूप मोठे आहेत. फक्त हो म्हणायच्या आधी मित्रालासुद्धा चार गोष्टी विचारून घ्या. केटी (मागे राहिलेले विषय) किती आहेत? पुढे काय करणारेस, गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा), एमपीएससी, की प्लेसमेंट? घरी जायला शेवटची गाडी कितीची? आणि संध्याकाळी कुठे पार्टटाइम करतोस का? उत्तर काहीही असलं तरी हरकत नाही, पण ते सप्टेंबरमध्ये माहिती असणं वेगळं आणि मार्चमध्ये कळणं वेगळं.

एक जोडी असलेला ग्रुप असेल (म्हणजे जोडी तीच, कळलं ना) तर अजून दोघं तरी घ्या आणि जोडीतल्या दोघांना एकच काम देऊ नका. ब्रेकअप झाला तर मॉड्यूल पण जातं. हसू नका, बघितलंय मी.

नाही म्हणायचं असेल तर? हे सगळ्यात अवघड. टाळत बसू नका, "बघतो, सांगतो" करत शुक्रवार आणला तर तो बिचारा कुठेच राहत नाही आणि मग खरा राग धरतो. त्याच दिवशी सांगा. "हे बघ, आपण दोघं एका ग्रुपमध्ये आलो तर मी तुला ओरडणार नाही आणि तू मला ओरडणार नाहीस, प्रोजेक्ट बोंबलेल. तू तुझा ग्रुप बघ, अडलास तर मी आहेच." दोन दिवस तोंड फुगेल, तिसऱ्या दिवशी चहाला येईल.

आणि सहा जणांची परवानगी असली तरी सहा घेऊ नका. मॅक्स रिंगेलमान म्हणून एक फ्रेंच शेती-इंजिनिअर होता, त्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला, १९१३ साली ते छापलं. दोघं ओढायला लागले की माणशी जोर एकट्याच्या ९३ टक्के, आठ जण झाले की ४९ टक्के. म्हणजे गॅदरिंगच्या रस्सीखेचीत मधला एक जण नुसता चेहरा लाल करून दोर धरून उभा असतो ना, तोच. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत लाताने वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळींनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं, डोळ्याला पट्टी, कानाला हेडफोन, आणि तुझ्यासोबत अजून पाच जण ओरडतायत असं नुसतं सांगितलं तरी आवाज कमी झाला. मात्र नंतरच्या प्रयोगात प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं की लोक परत नीट ओरडायला लागले. हे लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या पायऱ्या ह्याच एका गोष्टीवर उभ्या आहेत, कोणी किती ओढलं ते दिसलं पाहिजे.

पायरी २: पहिली मीटिंग, टपरीवर नाही

टपरीवर मीटिंग झाली की ती चहा होते. रिकामा क्लासरूम किंवा लायब्ररीच्या बाहेरचा कट्टा घ्या, पाऊण तास पुरतो, एकाने वही काढा. आणि प्रोजेक्टच्या टॉपिकवर बोलायच्या आधी हे बोला: कोणाला ह्यातून काय पाहिजे.

हे विचित्र वाटतं, माहितीय. पण एक जण म्हणतो मला ह्याच्यावर रिसर्च पेपर काढायचाय, एक म्हणतो रिझ्युमेवर चांगला प्रोजेक्ट पाहिजे, आणि तिसरा मनातल्या मनात म्हणतो की मला पास व्हायचंय फक्त, मी गेट करतोय. हा तिसरा जर मोठ्याने बोलला तर काही बिघडत नाही उलट फार सोपं होतं, कारण मग त्याला मोजून मापून काम देता येतं, आठवड्याला चार तास, डिसेंबरच्या आत संपणारं. तो न बोलता नुसता मान हलवत राहिला तर सहा महिने तुम्ही त्याला कामचोर समजता आणि तो तुम्हाला डोक्यावर बसलेले समजतो.

सुरुवात कोणी करायची? ज्याला सगळे हुशार समजतात त्याने. "मी आधीच सांगतो, मला कोडिंग जमतं पण रिपोर्ट लिहायचा मला जाम कंटाळा आहे, आणि माझा फोन रात्री अकरानंतर बंद असतो." टॉपरने स्वतःचं एक वीक पॉइंट सांगितलं की बाकीच्यांची तोंडं उघडतात.

मग टॉपिक. इथे एक घोळ हमखास होतो, टॉपर म्हणतो "आपण फेस रेकग्निशन अटेंडन्स करू", बाकी तिघं म्हणतात "चालेल", आणि तिघांनाही ते चाललेलं नसतं. सॉलोमन अॅश ह्या मानसशास्त्रज्ञाचे १९५० च्या दशकातले प्रयोग आहेत, समोर दोन रेघा स्पष्ट लहान-मोठ्या दिसत असताना बाकीचे सगळे चुकीचं उत्तर देतायत म्हणून माणूस पण कित्येकदा चुकीचं देतो, पण सोबतीला एक जरी बरोबर बोलणारा भेटला तर तो बऱ्यापैकी सावरतो. उपाय साधा आहे. कोणी बोलायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन टॉपिक लिहायचे आणि मग चिठ्ठ्या उघडायच्या. आमचा टॉपिक असाच निघाला होता, मोबाईलवरून शेतातली मोटर चालू-बंद करायची, कारण दोघांच्या चिठ्ठीत तेच, दोघांच्याही घरी रात्री लाईट येते म्हणून दोन वाजता उठून विहिरीवर जावं लागायचं. टॉपर नाराज झाला होता, पण ते मोटरचं वेड शेवटपर्यंत टिकलं.

अजून एक, मीटिंग कुठल्या भाषेत करायची ते पण ठरवा. चौघांत एक हिंदीवाला असला की सगळे हिंदीवर जातात आणि मराठी मीडियमचा मुलगा गप्प होतो, किंवा उलटं, तिघं मराठीत हसत बसतात आणि तो चौथा मोबाईल बघत बसतो. क्षुल्लक वाटतं. नाहीये.

पायरी ३: कामाचे तुकडे

"तू कोडिंग, तू हार्डवेअर, तू पीपीटी, तू रिपोर्ट." ही वाटणी बघितली की मला पुढचं सगळं दिसतं. पीपीटी आणि रिपोर्टवाल्याला मार्चपर्यंत कामच नाही, तोवर तो पाहुणा झालेला असतो, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) त्याला विचारलं की हा मायक्रोकंट्रोलर का घेतला तर तो कोडिंगवाल्याकडे बघतो.

अजून एक गोष्ट स्पष्ट बोलतो, रिपोर्ट आणि पीपीटी कोणाकडे जातं ते बघा एकदा तुमच्या वर्गात. मुलींकडे. "तुझं अक्षर चांगलं आहे", "तुला फॉरमॅटिंग जमतं." मग हार्डवेअर रात्री बॉईज होस्टेलच्या रूमवर होतं, गर्ल्स होस्टेलचं गेट आठ-नऊला बंद, आणि शेवटी म्हणायचं की तिने काय केलं, नुसतं टायपिंग केलं. तिने नाही केलं, तुम्ही तिला करू दिलं नाही. काम दिवसा लॅबमध्येच होईल असा नियम केलात तर हा आणि लोकलने येणाऱ्यांचा, असे दोन्ही प्रश्न सुटतात. लॅब असिस्टंटला विचारा, शनिवारी लॅब उघडी मिळते बऱ्याच ठिकाणी, फक्त अर्ज द्यावा लागतो आणि काका चांगले असावे लागतात.

वाटणी उभी करा, म्हणजे प्रत्येकाकडे एक असा भाग जो त्याच्याशिवाय बाकीच्यांना कळणारच नाही, आणि त्या भागाचं डिझाइन, चाचणी, रिपोर्टमधलं चॅप्टर, स्लाइड सगळं त्याचंच. अमेरिकेत ऑस्टिनला १९७१ साली गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना एकत्र शाळेत बसवल्यावर जी भांडणं लागली त्यावर एलियट अॅरन्सन ह्या मानसशास्त्रज्ञांनी हीच युक्ती काढली होती, धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला, आता दुसऱ्याचं ऐकलं नाही तर आपलाच पेपर कोरा. ज्याला कोणी विचारत नव्हतं त्याला विचारावंच लागलं.

आमच्या मोटरच्या प्रोजेक्टमध्ये असं करता आलं असतं: एकाकडे जीएसएम मॉडेम (सिमकार्डवर मेसेज घेणारं यंत्र) आणि मेसेज, एकाकडे रिले (विजेवर चालणारं स्विच) आणि स्टार्टर, एकाकडे पाणी आहे का नाही ते बघणारा सेन्सर, एकाकडे फेज गेली तर मोटर वाचवणारं सर्किट. केलं असतं तर रूममेटला गायब होता आलं नसतं. आम्ही काय केलं, मी "हे मी बघतो" म्हणालो चार वेळा.

प्रत्येक तुकड्यासमोर तीन गोष्टी लिहा, नाव, तारीख, आणि झालं म्हणजे काय झालं. ही तिसरी सगळे विसरतात. "सेन्सरचं काम झालं" ह्याला अर्थ नाही. "बादलीत वायर बुडवली की एलईडी पेटतो, व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय", हे झालं.

पायरी ४: व्हॉट्सअॅपवर काय करायचं, काय नाही

ग्रुप मरतो तो इथेच. "उद्या कोण कोण येतंय?" चार ब्लू टिक, एक अंगठा, दोघं सीन करून गप्प. अंगठा म्हणजे येतो, की वाचलं, की तू ये? कोणालाच माहिती नसतं.

एक, ग्रुपला काम "कोणीतरी" म्हणून टाकायचं नाही, नाव घेऊन टाकायचं. दोन, रिप्लाय हो किंवा नाही असाच, अंगठा चालणार नाही. तीन, तारखा आणि फाइली ग्रुपवर नाही, गुगल शीट आणि ड्राइव्हवर, नाहीतर मीम्स आणि बर्थडेच्या खाली फायनल_फायनल_२ शोधत बसाल. डॉकमध्ये व्हर्जन हिस्टरी असते, कोणी कधी काय लिहिलं दिसतं. कोड असेल तर गिटहब, तिथे प्रत्येकाचं कमिट (कोडमध्ये केलेला बदल) दिसतं. हे पोलिसगिरीसाठी नाही, वर सांगितलं ना, आवाज वेगळा मोजला जातोय एवढं कळलं की पुरतं.

आणि आता ते, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. एकाला वगळून तिघांचा दुसरा ग्रुप. सुरुवात अगदी साधी असते, "त्याला नंतर सांगू, आता पटकन आपण ठरवू." मग हळूहळू सगळं तिकडेच ठरायला लागतं आणि मूळ ग्रुप नुसता शोभेचा राहतो. त्याला कळतं हो. दोघांच्या फोनवर एकदम नोटिफिकेशन वाजतं आणि त्याचा वाजत नाही, तेवढ्यावरून कळतं. मग तो काम बंद करतो आणि तुम्ही म्हणता बघा, हा कामच करत नाही. मी जेव्हा ग्रुपचं भांडण ऐकतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो, अजून किती ग्रुप आहेत? तिघं एकमेकांकडे बघतात. काढला असेल तर आजच डिलीट करा.

पायरी ५: एक जण काम करत नाहीये

हे सावकाश वाचा, बाकी घाईत वाचलंत तरी चालेल.

काम न करणारे चार प्रकारचे असतात आणि लांबून चारही सारखेच दिसतात. एक, खरोखर फुकट्या, नाव लागलं की झालं. दोन, ज्याला येत नाहीये आणि सांगायची लाज वाटतेय. तीन, ज्याच्या घरी काहीतरी चालू आहे किंवा जो रात्री काम करतो. चार, ज्याला तुम्हीच बाहेर ठेवलंय. माझ्या बघण्यात पहिल्या प्रकारापेक्षा दुसऱ्या आणि चौथ्या प्रकारचे जास्त निघतात, आमच्या रूममेटसारखे असतातच पण कमी.

एक मुलगा होता, गाव लांबचं, बारावीपर्यंत मराठी मीडियम. ग्रुपमधले तिघं सांगत आले की सर तो काहीच करत नाही, मीटिंगला नुसता बसतो. मी त्याला एकट्याला बोलावलं, मराठीत विचारलं की बाबा तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय चाललंय. त्याने खिशातून एक दुमडलेला कागद काढला, घड्या पडून मधोमध फाटत आलेला. त्यावर पेन्सिलीने अख्खं सर्किट काढलेलं आणि कोपऱ्यात लाल पेनाने दोन ठिकाणी गोल केलेले. म्हणाला, "सर इथे डायोड उलटा लागलाय त्यांचा, म्हणून बोर्ड जळतोय. दोनदा सांगायला गेलो." मग? "ते इंग्लिशमध्ये बोलत होते, मधे कुठे घुसायचं कळलं नाही." दोन बोर्ड जळून गेले होते तोवर. तिघांना बोलावलं, कागद टेबलावर ठेवला, पुढचं काही मला बोलावं लागलं नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा.

आधी एकट्याने एकट्याशी बोला. ग्रुपवर नाही, तिघांनी घेरून तर अजिबात नाही. त्याचा सगळ्यात जवळचा जो आहे त्याने नको, तो भीडेपोटी गुळमुळीत बोलेल, जरा लांबच्याने जावं. "तू काम का करत नाहीस" ने सुरुवात केली की तो बचाव करणार. त्यापेक्षा "सेन्सरचं पंधरा तारखेला ठरलं होतं, आज बावीस आहे, कुठे अडलंय?" तारीख बोला, स्वभावावर जाऊ नका. आणि विचारल्यावर गप्प बसा, मोजून दहा सेकंद, आपल्याला ती शांतता सहन होत नाही आणि आपणच "बरं जाऊदे, मी करतो" म्हणून टाकतो. तिथेच माझं चुकलं होतं.

मग छोटं काम द्या, तीन दिवसांत होणारं, ज्यात तो नक्की पास होईल. अडलेला माणूस एका छोट्या गोष्टीने परत येतो. घरचं काही असेल तर त्याचा भाग दोन आठवडे दुसऱ्याने उचलायचा आणि नंतर त्याने त्या बदल्यात रिपोर्टचा जास्त भाग घ्यायचा, हे शीटमध्ये लिहा, उपकार म्हणून ठेवू नका कारण उपकार नंतर भांडणात निघतात.

दोनदा असं करूनही काही नाही, तर लिखित. मेसेज साधा, न चिडता: काय ठरलं होतं, काय झालं, अमुक तारखेपर्यंत नाही आलं तर आम्ही सरांशी बोलणार आहोत. आणि मग खरंच बोला. धमकी देऊन न बोलणं हे सगळ्यात वाईट.

पायरी ६: आणि एक जण सगळंच करतोय

ह्याच्याकडे कोणी प्रॉब्लेम म्हणून बघत नाही. "मी करतो, तुम्हाला समजवत बसण्यापेक्षा मी लवकर करेन." खरं असतं ते, पहिल्या महिन्यात. मग बाकीचे सुटतात आणि त्याला राग यायला लागतो, आणि मग एक दिवस तो पण हात आखडता घेतो. नॉर्बर्ट केर ह्यांनी १९८३ मध्ये हे दाखवलंय, जोडीदार काम येत असूनही फुकट खातोय असं दिसलं की माणूस स्वतःचं नुकसान सोसतो पण त्याच्यासाठी राबत नाही. मीच काय येडा आहे का, हे जगात सगळीकडे सेमच.

तुम्ही स्वतः असे असाल तर दोन गोष्टी. दुसऱ्याने केलेलं तुमच्या कामाच्या ७० टक्के जरी चांगलं असलं तरी ठेवा, रात्री गुपचूप परत लिहू नका. त्याने सकाळी उघडून बघितलं की आपलं एकही वाक्य राहिलं नाही तर तो पुन्हा कधीच लिहिणार नाही. दुसरं, "मीच सगळं केलं" ह्यावर जरा कमी विश्वास ठेवा. रॉस आणि सिकोली ह्यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं की घरातलं किती काम तुम्ही करता, बऱ्याच जोड्यांत दोघांची बेरीज शंभराच्या वर गेली. कारण आपलं जागरण आपल्याला आठवतं, दुसऱ्याचं आपल्याला दिसलेलंच नसतं. चौघांत बेरीज किती होत असेल विचार करा.

पायरी ७: भांडण

कामावरून भांडण झालं तर घाबरू नका, चौथ्या-पाचव्या आठवड्यात ते होतंच, आणि न झालेले ग्रुप मला जास्त संशयास्पद वाटतात. ब्रेडबोर्डवरून भांडा, रूमवर परत जाताना बाईकवर डबलसीट बसा, झालं.

पण काही गोष्टी भांडण ह्या खात्यात टाकायच्या नाहीत. जातीवरून, अॅडमिशनच्या कॅटेगरीवरून टोमणे, "तुला काय, तुझं कसंही होतं." मुलीला रात्री मेसेज. कोणाच्या बोलण्याची नक्कल करून ग्रुपवर व्हिडिओ. ते ग्रुपमध्ये मिटवायचं नसतं, "अॅडजस्ट कर" म्हणायचं नसतं. कॉलेजात अँटी-रॅगिंग समिती असते, मुलींसाठी अंतर्गत तक्रार समिती असते, महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. बाकीच्या दोघांनी सोबत जायचं, एकट्याला पाठवायचं नाही.

पायरी ८: गाईडकडे जाणं म्हणजे चुगली नव्हे

फेब्रुवारीत या हो. मार्चच्या शेवटी येऊन "सर ह्याने काहीच केलं नाही, ह्याचं नाव काढा" म्हटलं तर गाईड काय करणार, टर्मवर्कचे मार्क भरायची तारीख डोक्यावर आलेली असते. येताना शीट घेऊन या, तारखा घेऊन या. आणि ज्याच्याबद्दल बोलणार त्याला सांगून या, शक्यतो सोबतच घेऊन या. "त्याला कामाला लावा" असं मागू नका, नेमकं मागा: दर पंधरा दिवसांनी आम्हाला चौघांना वेगवेगळे प्रश्न विचारा, किंवा लॉगबुकवर प्रत्येकाच्या नावापुढे वेगळी सही करा. अशी मागणी आली की गाईड पण खूश, आमचं काम सोपं होतं.

माझ्यासारखे मास्तर वाचत असतील तर एवढंच, चौघांना सरसकट सारखे मार्क देऊन आपण सुटतो, पण जो राबला त्याला आपण काय शिकवतो ते बघा. मी आता सेममध्ये दोनदा प्रत्येकाकडून बंद चिठ्ठी घेतो, बाकी तिघांनी काय काय केलं, आकडे नाही, कामं लिहायची. "छान मुलगा आहे" लिहिलेली चिठ्ठी परत देतो.

पायरी ९: व्हायवा

एक्स्टर्नल एकेकाला विचारतात आणि नेमकं त्याला विचारतात जो मागे उभा आहे. म्हणून चार दिवस आधी अदलाबदल करून तालीम करा, सेन्सरवाल्याने मॉडेम समजावायचा, मॉडेमवाल्याने रिले. जिथे तो अडेल तिथे मूळ मालकाने न रागावता परत सांगायचं. आणि व्हायवाच्या टेबलावर एकमेकांना कापायचं नाही, "सर तो पार्ट मी केलाय" असं मधेच तोंड घालणारा मार्क मिळवत नाही, घालवतो. अडलेल्याला मदत करायची तर "सर, ह्याला थोडं जोडू का" असं विचारून.

शेवटची पायरी: पैसे

ही कोणत्याच कॉलेजच्या गाईडलाइनमध्ये नसते. मॉडेम, रिले, जळलेले बोर्ड, प्रिंट, चार कॉप्यांचं बाइंडिंग, एक्स्टर्नलसाठी आणलेला नाष्टा. हे सगळं एकच जण देत जातो, ज्याच्या खिशात त्या वेळी असतात तो, आणि नंतर मागायची लाज वाटते. त्यामुळे पहिल्या मीटिंगलाच चौघांकडून पाचशे पाचशे काढून एकाकडे ठेवा, बिलाचा फोटो शीटमध्ये टाका, व्हायवाच्या संध्याकाळीच हिशोब करा, दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या गावी गेलेले असतात. ज्याच्या घरून पैशाची अडचण आहे त्याला आधीच कळू द्या की त्याने नंतर दिले तरी चालतील, हे पण एकट्याला सांगा.

त्या डबल ए वाल्याकडे माझे ६४० रुपये आहेत. मागच्या वर्षी त्याच्या मुलाच्या बारशाला गेलो होतो, पाकीट देऊन आलो, ६४० चा विषय काढायचं ह्या वेळी पण राहून गेलं.